दूध वाढलं, पण फॅट कुठं गेली?



मागच्या उन्हाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगते, कारण हा लेख त्या चुकीतूनच आला आहे.

एका गावात गटाची मासिक बैठक होती. गटातल्या सहा जणींनी बँकेच्या कर्जातून संकरित गायी घेतल्या होत्या. हप्ते सुरू झालेले आणि दुधाचे पैसे काही पुरत नव्हते. मी प्रशिक्षणात ऐकलेलं वाक्य तिथं ठोकून दिलं, "खुराक वाढवा, दूध वाढेल." वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. कशाने वाढवायचा, किती वाढवायचा, किती दिवसांत वाढवायचा, हे मी सांगितलंच नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. मी समाजकार्य शिकलेली. गायीच्या पोटाला चार कप्पे असतात, एवढंच शाळेत वाचलेलं.

त्यातल्या एका ताईंच्या घरी मका पडून होता. भाव नव्हता म्हणून विकला नव्हता. त्यांनी दुसऱ्याच दिवशी गिरणीतून भरडा काढून आणला. तोवर गाय दिवसाला तीन किलो पशुखाद्य, थोडा हत्ती घास आणि पोटभर कडबा खात होती. आता त्यावर तीन किलो मक्याचा भरडा आला, तोही सकाळी धारेच्या वेळी एकदम, रिकाम्या पोटी. गाय भरडा चाटूनपुसून खायची आणि कडबा गव्हाणीत तसाच ठेवायची. चार दिवसांत दूध लिटरभर वाढलं. ताईंनी फोन करून सांगितलं. मी खूश!

दुसऱ्या आठवड्यात पावतीवरची फॅट ३.९ वरून ३.१ वर आली. दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर ठरतो, त्यामुळे लिटर वाढूनही हातात पैसे कमीच. पण पैशापेक्षा वाईट गोष्ट संकलन केंद्रावर घडली. रांगेतल्या चार माणसांसमोर तिथला माणूस म्हणाला, "वहिनी, पाणी जरा कमी घाला." घरी सासूबाईंनीही तेच विचारलं. गटात हिशेबाला सगळ्यात चोख असलेल्या बाईवर हा आळ. मी गेले तेव्हा त्यांनी मला काही बोलून दाखवलं नाही. पावत्यांचा गठ्ठा फक्त पुढ्यात ठेवला.

आम्ही पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी गोठ्यात जायच्या आधी पावत्याच पाहिल्या आणि म्हणाले, "यात पाणी घातलेलं दिसत नाही. पाणी घातलं असतं तर फॅट आणि एसएनएफ दोन्ही उतरले असते. इथं एसएनएफ आहे तिथंच आहे, एकटी फॅट पडलीय. ही भानगड गायीच्या पोटात आहे."

ही एक गोष्ट प्रत्येकीने लक्षात ठेवावी, म्हणून ठळक सांगते. पावतीवर दोन्ही आकडे बघायचे. आपल्यावर कोणी आळ घेतला तर उत्तर त्याच कागदावर असू शकतं.

गायीच्या पोटातलं विरजण

डॉक्टरांनी त्या दिवशी जे समजावलं आणि मी नंतर वाचून, विचारून जे पक्कं केलं, ते आपल्या भाषेत मांडते.

गायीच्या पोटाचा पहिला आणि सगळ्यात मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. ते डाव्या बाजूला असतं. मोठ्या गायीच्या कोटीपोटात शंभर लिटरहून जास्त मावतं, म्हणजे अर्ध्या पिंपापेक्षा जास्त. गंमत अशी की या कप्प्यात गायीचा स्वतःचा पाचक रस मुळीच सुटत नाही. तिथलं सगळं काम जिवाणू करतात. कोटीपोटातल्या एका चमचाभर पाण्यात अब्जावधी जिवाणू असतात, शिवाय त्यांच्यापेक्षा मोठे आदिजीव आणि थोडी बुरशी. हवा लागली की यातले बहुतेक जिवाणू मरतात, म्हणून कितीतरी वर्षं ते प्रयोगशाळेत वाढवताच येत नव्हते. अमेरिकेतल्या रॉबर्ट हंगेट या शास्त्रज्ञाने बिनहवेची पद्धत बसवली, तेव्हा कुठे त्यांची नीट ओळख पटली.

आपण म्हणतो गाय कडबा खाते. खरं तर कडबा जिवाणू खातात. कडब्यातलं धागेदार, चिवट द्रव्य पचवायची ताकद ना माणसात आहे ना गायीत. जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून आम्लं तयार होतात. ही आम्लं कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात शोषली जातात आणि गायीला लागणारी बहुतेक ऊर्जा त्यांतूनच मिळते. वैरणीतून मुख्यतः जे आम्ल बनतं ते व्हिनेगरमधलंच, आणि दुधातली फॅट तयार व्हायला तेच मोठ्या प्रमाणात लागतं. वापरून झालेले जिवाणू पुढच्या पोटात जातात, तिथं गाय त्यांनाही पचवते. म्हणजे तिला प्रथिनंही त्यांच्याकडूनच मिळतात.

तेव्हा आपण गव्हाणीत जे टाकतो ते आधी या जिवाणूंचं ताट असतं, गायीचं नंतर.

आता विरजणाकडे या. दूध कोमट, विरजण बेताचं, वेळ बरोबर, तर दही छान लागतं. उन्हाळ्यात तेच भांडं दुपारपर्यंत बाहेर राहिलं की दही आंबटढोण. कोटीपोटातही असंच आहे. आंबणं हवंच, पण आंबटपणा ठरावीक मर्यादेत हवा. हा आंबटपणा 'पीएच' या मापाने मोजतात. नितळ पाणी ७, दही साडेचारच्या आसपास, लिंबू दोन-अडीच. आकडा जितका खाली तितका पदार्थ आंबट, आणि एक आकडा खाली म्हणजे दहापट आंबट. वैरण खाणाऱ्या निरोगी गायीचं कोटीपोट ६ ते ७ च्या मध्ये असतं. ६ च्या खाली गेलं की कडबा पचवणारे जिवाणू काम मंद करतात. साडेपाचच्याही खाली बराच वेळ राहिलं की गाय आतून आजारी असते, वरून मात्र उभी, खाणारी, दूध देणारी दिसते. ५ च्या खाली गेलं तर जिवावर बेततं.

आम्ल तर सारखं बनतच असतं, मग रोज आंबट का होत नाही? कारण लाळ. गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गाळते आणि गिळते, आणि त्या लाळेत खाण्याच्या सोड्यासारखेच क्षार असतात. मला हे ऐकून खरंच वाटलं नाही. पण ही लाळ फुकट सुटत नाही, चघळल्यावर सुटते. लांब, खरबरीत वैरण खाताना आणि नंतर सावलीत बसून रवंथ करताना गाय तासन् तास चघळते. निरोगी गाय दिवसातले सहा ते आठ तास रवंथच करते. भरड्याला चघळावं लागत नाही, तो दोन मिनिटांत घशाखाली जातो.

ताईंच्या गायीचं नेमकं काय झालं ते आता उलगडतं. भरड्याने आम्ल वाढलं आणि कडबा सुटल्याने सोडा कमी झाला. वैरणीचे जिवाणू मंदावले, फॅटचा कच्चा माल आटला. वर पोटातल्या बिघाडातून अशी काही द्रव्यं तयार होतात की ती कासेत फॅट बनण्यालाच खीळ घालतात. दूध वाढलं ते मक्याच्या ताकदीवर, पण ते पातळ.

मका वाईट नाही, घाई वाईट

मक्याला, ज्वारीला, गव्हाला दोष देऊ नका. प्रश्न वेगाचा आहे.

कोटीपोटात वैरणीचे जिवाणू वेगळे आणि धान्याचे वेगळे. धान्याचे जिवाणू भारी चपळ. पिठूळ खाणं मिळालं की त्यांतले काही अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. खाणं अति झालं की ते दह्यातलं आम्ल तयार करायला लागतात आणि हे आम्ल पोटातल्या नेहमीच्या आम्लांपेक्षा साधारण दहापट तीव्र असतं. निसर्गाने यालाही उतारा ठेवलाय. हे तीव्र आम्ल खाऊन संपवणारे जिवाणूही त्याच पोटात असतात. पण ते सावकाश वाढतात. त्यांची पुरेशी फौज उभी राहायला दोन-तीन आठवडे लागतात. आम्ल शोषून घेणाऱ्या भिंतीचंही तसंच. कोटीपोट आतून टर्किश टॉवेलसारखं असतं, बारीक मऊ दशा असलेलं. खुराकाची सवय लागली की या दशा लांब होतात आणि जास्त आम्ल शोषतात, पण त्याला महिना-दीड महिना लागतो.

ज्यांच्याकडे गोबरगॅस आहे त्यांना हे पटकन कळेल. रोज शेण घालणाऱ्या टाकीत एखाद्या दिवशी बादलीभर शिळा भात नि खरकटं ओतलं की आंबट वास सुटतो आणि शेगडी बसते. तेच खरकटं रोज वाटीवाटीने वाढवत नेलं तर टाकी ते पचवते. गायीचं पोट म्हणजे चालती-फिरती टाकीच.

मग खुराक वाढवायचा कसा? एका वेळी अर्धा किलो. तीन-चार दिवस तेवढ्यावर थांबायचं, शेण आणि रवंथ बघायची, मग पुढचा अर्धा किलो. तीनाचे सहा किलो करायचे तर तीन आठवडे लागतील, आणि लागू द्यावेत. मी त्या ताईंना एका रात्रीत करायला लावलं होतं. एका वेळच्या आंबोणात दोन-अडीच किलोच्या वर खुराक नको. सकाळ-संध्याकाळ, जमलं तर दुपारीही विभागून द्या. आणि उपाशी पोटी आंबोण कधीच नको. आधी कडबा टाका, ती थोडा चघळू दे, मग घमेलं पुढे करा. धार काढताना गाय शांत राहावी म्हणून आपण रिकाम्या पोटी घमेलं ठेवतो. सवय सगळ्यांचीच आहे, पण आधीचा अर्धा तास वैरणीला दिला की भागतं.

दिवसभराच्या खाण्याचं कोरडं वजन धरलं तर निम्म्याहून जास्त वैरण हवी. 'कोरडं' हा शब्द महत्त्वाचा. हिरव्या चाऱ्यात बहुतेक पाणीच असतं. वीस किलो हत्ती घास डोळ्याला ढीगभर दिसतो, वाळवला तर चार किलोच्या आसपास भरतो. म्हणून हिरवं भरपूर असलं तरी कडब्याची जोड सोडू नका. कुट्टीबद्दलही एक सांगायचंय. मशीनचं पातं लावून काही जणी भुगाच करतात, गाय काही टाकत नाही म्हणून. टाकत नाही हे खरं, पण चघळतही नाही. एक-दीड इंचाचा तुकडा राहिला पाहिजे. मुरघास मुळातच आंबवलेला असतो, त्याचा पीएच दह्याच्याही खाली असू शकतो आणि मक्याच्या मुरघासात दाणे असतात ते वेगळेच. तोही दोन आठवड्यांत हळूहळू वाढवायचा, सोबत सुकं काहीतरी ठेवूनच.

आणखी एक नाजूक वेळ म्हणजे वेत. भाकड काळात गाय नुसत्या वैरणीवर असते, पोटातली फौज वैरणीची झालेली असते. व्यायल्यावर "आता दूध काढायचंय" म्हणून आपण एकदम घमेलं भरतो. त्यापेक्षा व्यायच्या आधी दोन-तीन आठवडे थोडा थोडा खुराक सुरू करा. किती, ते गायीच्या अंगावर बघून डॉक्टर सांगतील.

बिघडतंय हे ओळखायला यंत्र लागत नाही. गाय बसलेली असताना तिचं तोंड हलतंय का ते बघा. आलेला घास ती किती वेळा चावते ते मोजा. पन्नास-साठ वेळा चावत असेल तर ठीक, तीस-चाळिसावरच गिळत असेल तर शंका घ्या. शेण पातळ, फेसाळ, त्यात अख्खे दाणे किंवा लांब धागे दिसतायत का? आज चांगली खाते, उद्या तोंड फिरवते, परवा पुन्हा खाते असं चाललंय का? डाव्या कुशीतल्या खळग्यात मूठ दाबून ठेवा. दोन मिनिटांत दोन-तीनदा आतून लाट येऊन मूठ ढकलली गेली पाहिजे. त्या ताईंच्या गोठ्यात डॉक्टरांनी माझीच मूठ तिथं ठेवायला लावली होती. बराच वेळ काहीच नाही, मग एक कशीबशी लाट आली. पोटात आंबटपणा असाच राहिला तर काही आठवड्यांनी गाय खुरात दुखून लंगडायला लागते, आणि तेव्हा आपण दोष गोठ्याच्या फरशीला देतो.

त्या गायीचा भरडा डॉक्टरांनी किलोवर आणला, तीन वेळा विभागला, आधी कडबा असा क्रम लावला आणि काही दिवस खाण्याचा सोडा मापाने दिला. फॅट लगेच चढली नाही. अठराव्या दिवशी पावतीवर ३.८ आली. मग त्यांनी पुन्हा भरडा वाढवायला घेतला, अर्ध्या किलोने. लिटरही वाढलं, फॅटही टिकली. संकलन केंद्रावरच्या माणसाला त्यांनी जुनी आणि नवी पावती शेजारी शेजारी धरून दाखवली. तो काही बोलला नाही, पण 'पाणी' हा शब्द नंतर आला नाही.

लग्नाचा भात आणि पोळ्याची पोळी

आतापर्यंत सांगितलं ते हळूहळू बिघडणारं. एका रात्रीत होणारं याहून भयंकर असतं.

मांडवातला उरलेला भात, बुंदी, पोळ्या. मोकळ्या सुटलेल्या गायीने फाडलेलं गव्हाचं पोतं. भाव पडला म्हणून गोठ्यात ओतलेली द्राक्षं. सवय नसलेल्या जनावराने हे पोटभर खाल्लं की काही तासांत कोटीपोट दह्यासारखं आंबट होतं. चांगले जिवाणू आणि आदिजीव मरतात. आंबट झालेलं पोट रक्तातलं पाणी आपल्याकडे ओढून घेतं. डोळे आत जातात, डावी बाजू भरलेली आणि हलवली तर डचमळणारी लागते, रवंथ बंद, शेण पातळ आणि आंबट वासाचं, चाल दारुड्यासारखी. मग जनावर बसतं आणि मान कुशीकडे वळवून घेतं. दीड-दोन दिवसांत दगावू शकतं. कर्जाच्या गायीचं असं झालं तर हप्ता मात्र जिवंतच असतो.

अशा वेळी डॉक्टरांना ताबडतोब बोलवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा मोफत क्रमांक आहे, तो गोठ्याच्या खांबावर लिहून ठेवा. गाय बसायची वाट पाहू नका; जास्त खाल्लंय हे कळलं, तेव्हाच फोन करायचा. आणि काय खाल्लं, किती, कधी, हे खरं खरं सांगा. मी पाहिलंय, खरकटं आपणच घातलं हे सांगायला बाई घाबरते, घरचे काय म्हणतील म्हणून. डॉक्टर मग दुसऱ्याच आजाराचा विचार करत बसतात आणि वेळ जातो. युरियाची विषबाधा असेल तर पोट उलट बाजूला जातं आणि तिथं व्हिनेगर देतात. धान्याच्या आंबटपणावर तेच दिलं तर आगीत तेल. म्हणूनच ताक, लिंबू, चिंचेचं पाणी आपल्या मनाने पाजू नका. बसलेल्या जनावराला बाटलीने काहीही ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. उरलेलं धान्य समोरून काढा आणि खात असेल तर फक्त सुका कडबा ठेवा.

डॉक्टर सोडा देतील, सलाईन लावतील. कधी निरोगी गायीच्या कोटीपोटातला रस काढून आजारी गायीच्या पोटात सोडतात, मेलेल्या जिवाणूंच्या जागी नवे यावेत म्हणून. मला तर हे ऐकून हसूच आलं. विरजण बिघडलं की शेजारणीकडून आणतो, तेच की.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा श्रावणी अमावास्या जवळ आलेली असेल. पोळ्याचा बैल दारोदार पूजेला जातो. प्रत्येक दारात पुरणपोळीचा नैवेद्य, आणि प्रत्येक घराला वाटतं आपण तर एकच पोळी दिली. दहा-पंधरा दारांच्या त्या एकेक पोळ्या बैलाच्या पोटात मात्र एकत्रच होतात. वर गूळ, वर ज्वारीच्या पिठाचे गोळे. वर्षभर कडब्यावर असलेल्या बैलाच्या पोटात तीव्र आम्ल खाणारी फौज जवळजवळ नसतेच, त्यामुळे खुराकाच्या गायीपेक्षा त्याला धोका जास्त. ज्या बैलाचं वर्षाचं ऋण आपण त्या दिवशी मानतो, तोच दुसऱ्या दिवशी गोठ्यात पडून राहतो.

पोळी भरवणारा हात आपलाच असतो, तेव्हा हे आपल्याच हातात आहे. घासभर पोळी नैवेद्य म्हणून बैलाच्या तोंडात, बाकीची टोपलीत. ती घरी माणसं खातील. बैल मिरवणुकीला निघण्याआधी पोटभर कडबा खाऊन निघालेला असावा, हे घरातल्या पुरुषांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. पोळ्याआधीच्या बैठकीत हा विषय घ्या आणि ज्यांच्याकडे बैलजोड्या आहेत त्यांच्या घरी निरोप द्या.

त्या ताईंच्या दारात दरवर्षी सात-आठ जोड्या येतात. यंदा त्यांनी आरतीच्या ताटाशेजारी कडब्याची एक पेंढी सोडून ठेवायची ठरवलंय. सासूबाईंना विचारूनच.